न खाल्लेले समोसे

नाटकाच्या परीक्षणाचा एक ठरलेला साचा असतो. आधी कथानक सांगायचं, अर्धी जागा त्यातच संपवायची, मग दिग्दर्शकाने प्रयोग बांधीव केलाय म्हणायचं, मुख्य नटाला सूर सापडला की नाही ते सांगायचं आणि शेवटी ‘नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत पूरक’ एवढं टाकून मोकळं व्हायचं. ठाण्यात गडकरी रंगायतन, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर. एकाच रेल्वेमार्गावर एवढी नाट्यगृहं असल्यामुळे आमच्या पट्ट्यात हा साचा तोंडपाठ नसलेला माणूस विरळा. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक जण मनातल्या मनात परीक्षणच लिहीत असतो, आणि वडा हातात पडला की त्याचंही लिहितो.

मोबाइलवरच्या गेमचं परीक्षण मात्र कोणी असं बैठक मारून लिहीत नाही. लोक तारे देतात. पाचपैकी एक, आणि खाली ‘बकवास’. नाहीतर पाचपैकी पाच, आणि खाली ‘माझ्या मुलाला आवडला, पण चालू होत नाही’. एवढ्यावर एका कलाकृतीची बोळवण होते. म्हणून हे काम मी अंगावर घेतलं आहे. गेम ‘मोटू पतलू’चा आहे. नेमका कुठला, ते सांगून उपयोग नाही. कारण प्ले स्टोअरवर ही दोन नावं टाकली की सख्खे, चुलत, मावस आणि नात्यात कुठेच न बसणारे असे बरेच गेम समोर येतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या चित्रात मोटू तोंड उघडून धावत असतो. पुतण्याने त्यातला एक निवडला आणि आजोबांच्या फोनवर उतरवला. आजोबांना बीपीच्या गोळीची आठवण करून देणारी घंटा त्या दिवसापासून ‘मोटू तुमची वाट पाहतोय’ या निरोपांखाली गाडली गेली आहे.

साच्याला धरून आधी संहिता. १९६९ पासून निघणाऱ्या ‘लोटपोट’ या मुलांच्या हिंदी नियतकालिकात कृपाशंकर भारद्वाज यांनी ही जोडी काढली. एक जाडा, एक बारीक. जाड्याला भूक, बारक्याला अक्कल. २०१२च्या ऑक्टोबरात ती निकलोडियन वाहिनीवर हलू-बोलू लागली. निर्मिती ‘कॉसमॉस-माया’ची, म्हणजे केतन मेहता आणि दीपा साही यांनी उभ्या केलेल्या स्टुडिओची, दिग्दर्शन सुहास कडव यांचं, शीर्षकगीत गुलजारांचं. ‘मिर्च मसाला’ काढणाऱ्या माणसाच्या स्टुडिओतून पुढे समोसा बाहेर पडला, हे पाककृतीच्या अंगाने पाहिलं तर अगदी क्रमाने झालं. मोटू, पतलू आणि गावातली बरीचशी मंडळी एकटे सौरव चक्रवर्ती बोलतात. भांडणारे दोघे, ते सोडवणारा आणि लांबून मजा बघणारा, सगळे एकाच घशातून. आमच्या पिढीने बालनाट्यात एकाच मुलाला राक्षस, प्रधान आणि झाड अशी तीन कामं करताना पाहिलं होतं, त्यामुळे याचं आश्चर्य वाटलं नाही. आदर मात्र वाटला.

ही सगळी मंडळी फुरफुरीनगरात राहतात. हे गाव नकाशावर नाही. पण ते कल्याणच्या अलीकडे-पलीकडेच कुठेतरी असणार, असा मला दाट संशय आहे. त्यातला घसीटाराम घ्या. कुठलाही विषय निघो, त्याला त्यातला वीस वर्षांचा अनुभव असतो. रॉकेट उडवायचं असो की नळ दुरुस्त करायचा असो, वीस वर्षं. सल्ला देतो, आणि सल्ला ऐकणारा तोंडावर आपटतो. फुरफुरीनगरात असा एक माणूस आहे म्हणून मालिका विनोदी ठरली. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला या. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर बोलायला उभा राहिलेला माणूस वीस वर्षांच्या खाली बोलतच नाही. पार्किंगवर वेगळी वीस, लिफ्टवर वेगळी वीस. सगळी वर्षं जोडली तर काही सभासद पेशवाईत नोकरीला लागले होते असं निघेल.

किंवा डॉक्टर झटका. हे गावचे शास्त्रज्ञ. त्यांच्या प्रत्येक शोधातून चुकीच्या वेळी चुकीच्या रंगाचा धूर निघतो. बाहेरगावच्या प्रेक्षकाला ही कल्पनेची भरारी वाटते. डोंबिवलीकराने २०१४ साली अंगणात हिरवा पाऊस झेललेला आहे आणि २०२० साली एमआयडीसीत गुलाबी झालेला रस्ता पाहिलेला आहे. तो रस्ता बघायला तर थेट मुख्यमंत्री आले होते. डॉक्टर झटक्याचा धूर जांभळा निघाला तर आम्ही एवढंच विचारतो की आज शुक्रवार ना, मग कारखाना चालू कसा? इन्स्पेक्टर चिंगम मिशीवर ताव मारत हवेत गोळी झाडतो आणि वरून नारळ त्याच्याच डोक्यात पडतो. आणि या सगळ्यांच्या मध्ये चहावाला. खरं तर मालिका त्याचीच आहे. गोष्ट त्याच्या टपरीवर सुरू होते, मोटू तिथे उधारीवर समोसे खातो किंवा खाण्याच्या बेतात असतो, तेवढ्यात जॉन नावाचा गुंड कविता म्हणत येतो, आणि गाव कामाला लागतं. रिकाम्या पोटी मोटूच्या डोक्यात दिवा लागत नाही. समोसा पोटात गेला की त्याच्या अंगात वारं शिरतं आणि मग तो कोणालाही उडवून लावतो. ठाणे स्टेशनबाहेर सकाळी वडापाव खाऊन वागळे इस्टेटच्या रिक्षेत तिसरा म्हणून शिरणाऱ्या माणसाला हे विज्ञान वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

संहिता अशी सकस. आता प्रयोग.

पडदा उघडतो तो परवानग्यांवर. फोटो बघू का, संपर्क बघू का, तुम्ही कुठे आहात ते बघू का. मुलीकडची माणसंही पहिल्या भेटीत एवढं विचारत नाहीत. त्यातून पार झालं की रस्ता दिसतो. तीन पट्ट्यांचा, सरळ, न संपणारा. दोन्ही बाजूंना एक पिवळं घर, एक झाड, एक दिव्याचा खांब. मग परत तेच पिवळं घर, तेच झाड, तोच खांब. एकाच नकाशाच्या इमारती अशा ओळीने उभ्या बघून पहिल्यांदा मला वाटलं, कल्याण-शीळ रस्ता दाखवला आहे. पण गाड्या चालू होत्या. त्यावरून खात्री पटली की नाही.

मोटू धावतो. का धावतो? मागे चिंगम लागला आहे म्हणून. चिंगम का लागला? ते संहितेत नाही. मालिकेत पाठलागाला दर वेळी एक मूर्खपणाचं पण पक्कं कारण असतं. कोणीतरी चुकीची पेटी उचललेली असते, कोणीतरी अदृश्य झालेलं असतं. इथे माणूस जन्मला आणि धावू लागला. याचं मूळ शोधायला फार लांब जायला नको. २०११ साली ‘टेम्पल रन’ आला, २०१२ साली ‘सबवे सर्फर्स’. बोट डावीकडे सरकवलं की डावीकडे, उजवीकडे सरकवलं की उजवीकडे, वर केलं की उडी. पडेपर्यंत धावायचं. तो साचा इतका चालला की त्यानंतर कोणाचंही पात्र हातात आलं की त्याला बूट घालून त्या तीन पट्ट्यांवर सोडण्याची प्रथा पडली. भीम असो, सिंघम असो, सुपरहिरो असो की देव असो. ‘सबवे सर्फर्स’मध्ये तर मुलगा चक्क रेल्वेच्या रुळांवरून पळतो आणि मागे पोलिस. रोज संध्याकाळी कल्याणच्या फलाटावर ‘रूळ ओलांडणे दंडनीय अपराध आहे’ ही घोषणा ऐकत घरी यायचं आणि घरात मुलगा त्याच अपराधात स्वतःचा विक्रम मोडतोय म्हणून सगळ्यांना बोलावून दाखवतोय, हे आमच्याकडे पुष्कळ आईबापांनी सोसलं आहे.

धावण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती समोशांना.

रस्त्यावर समोसे आहेत. हवेत तरंगणारे, गरगर फिरणारे, सोनेरी कडा असलेले. मोटू त्यांच्यातून धावत जातो, ‘टिंग’ असा आवाज होतो आणि वरच्या कोपऱ्यात आकडा वाढतो. शंभर समोसे. तीनशे समोसे. हजार समोसे. आणि मोटू त्यातला एकही खात नाही. परत वाचा हे वाक्य, कारण मी गेम परत परत खेळून खात्री केली आहे. मोटूसमोरून हजार समोसे गेले आणि त्याने ते जमा केले. का, तर पुढे नवे बूट घ्यायचे आहेत, लाल रंगाची स्कूटर घ्यायची आहे. ज्या माणसाने आयुष्यात समोर आलेला समोसा पुढच्या क्षणापर्यंत टिकू दिला नाही, त्याला या गेमने मुदत ठेवीत पैसे टाकणारा डोंबिवलीकर करून टाकलं. त्याची ताकदही खाण्याने वाढत नाही. दुकानात जाऊन समोसे मोजून द्यायचे, बदल्यात ‘वेग’ नावाची वस्तू मिळते. म्हणजे समोसा हे चलन झालं. तेलकट, तीन कोनांचं आणि कोणाच्याही पोटात न जाणारं चलन. मुख्य नटाला सूर सापडला का, हा प्रश्न इथे निकालात निघतो. नटाला जेवणच दिलेलं नाही.

दुसरं पात्र पतलू. नाव दोघांचं असल्यामुळे मी त्याची वाट पाहत होतो. तो सापडला ‘पात्र निवडा’ या पानावर. काळी सावली, छातीवर कुलूप. पतलू उघडायला काही हजार समोसे पडतात. एवढे समोसे जमवून त्याला सोडवलं, तर मोटू नाहीसा होतो आणि त्याच रस्त्यावर त्याच चिंगमपुढे पतलू एकटा धावू लागतो. दोघं एकत्र येण्याची सोयच नाही. जोडी ज्या बोलाचालीवर उभी आहे, एकाने मूर्खासारखं म्हणायचं आणि दुसऱ्याने कपाळावर हात मारायचा, ती गेममध्ये नाहीच. मोटूला आवाज दोन: उडी मारताना ‘हूं’ आणि आपटताना ‘आऊ’. ज्या मालिकेत एक माणूस अख्खं गाव बोलतो, तिच्या गेममध्ये अख्खं गाव मिळून दोन अक्षरं बोलतं. पार्श्वसंगीत म्हणजे पुंगीवर वाजवल्यासारखी एक धून. संपली की पहिल्यापासून. ते पूरक आहे. आजोबा फोनचा आवाज बंद करायला त्याच्यामुळेच शिकले.

समोसे कमी पडले की जाहिरात बघायची. मोटू आपटला आणि पुन्हा उठवायचा असेल तर जाहिरात. समोसे दुप्पट हवेत तर जाहिरात. काहीच नको असेल तर नुसती जाहिरात. ती बंद करायची फुली इतकी बारीक आणि इतक्या कोपऱ्यात असते की चष्म्याच्या नंबराची परीक्षा त्यावर घेता यावी. पूर्वी फास्ट लोकल मुंब्र्याच्या अलीकडे पारसिकच्या बोगद्यात शिरली की नेटवर्क जायचं आणि जाहिरात मध्येच मरायची. १९१६ साली तो बोगदा खोदणाऱ्यांनी शंभर वर्षांनंतरच्या प्रवाशावर नकळत केवढे उपकार करून ठेवले होते. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना गेला आणि फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने उघड्यावरून जाऊ लागली. सोय झाली म्हणतात. आता जाहिरात पुरी दिसते.

त्याच लोकलमध्ये, त्याच गर्दीत, चौघं जण एका फोनवर ‘लुडो किंग’ खेळतात. तो गेम २०१६चा, आमच्या खाडीपलीकडच्या नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा. त्यात ना पात्र, ना कथा, ना विनोद. चार रंगांच्या सोंगट्या. पण एकाची सोंगटी घराच्या दारात मारली गेली की चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूससुद्धा इतका हसतो की तेवढीही जागा हातची जाते. ज्याची मेली तो सोडून सगळे हसतात, आणि दिवा स्टेशन आलं की तोही हसतो. हे मी बऱ्याचदा पाहिलं आणि तेव्हा मला मोटूच्या गेममध्ये काय बिघडलं आहे ते कळलं.

मालिकेत मोटू पडला की आपण हसतो. पडण्यासाठीच तर तो आहे. घसीटारामचा सल्ला फसला पाहिजे, झटक्याचं यंत्र उलटं फिरलं पाहिजे, नारळ चिंगमच्याच डोक्यात पडला पाहिजे. सगळं नीट पार पडलं तर तो भाग अकरा मिनिटांचा कशाला, अकरा सेकंदांचा होईल. गेममध्ये मोटू पडला की आपण हरतो. खेळणाऱ्याने दहा मिनिटं डोळ्यांत तेल घालून एकच काम करायचं, मोटूला पडू द्यायचं नाही. म्हणजे ज्या गोष्टीला हसायचं तीच होऊ न देण्यासाठी धडपडायचं. नीट खेळणाऱ्याला एकदाही हसू येत नाही, आणि वाईट खेळणाऱ्याला हसू येण्याआधी जाहिरात येते. हे एका कंपनीचं पाप नव्हे. विनोदी मालिकेचा गेम करायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हा खड्डा बघितला आहे आणि बहुतेकांनी त्यात उडी मारली आहे.

अमेरिकेत ‘द सिम्पसन्स’ १९८९ पासून चालू आहे. एक आळशी बाप, एक वांड मुलगा, एक सोसणारी आई. या घरगुती मंडळींना २००१ साली प्लेस्टेशनवर कुस्तीच्या आखाड्यात उतरवलं गेलं. का, तर तेव्हा कुस्तीचे गेम खपत होते. हातात बाहुल्या आल्या, खपणारा साचा दिसला, ओतल्या. समीक्षकांनी तो गेम असा धुतला की आखाड्यात कोणी कोणाला एवढं धुतलं नसेल. गंमत अशी की हे आपल्या वाट्याला येणार याचा अंदाज त्या मालिकेला आधीच होता. १९९५च्या नाताळातल्या एका भागात मुलगा बार्ट एका मारधाडीच्या गेमसाठी वेडा होतो, दुकानातून तो चोरताना पकडला जातो, घरात रडारड होते, आणि शेवटी आई प्रेमाने गेम आणून देते तो गोल्फचा. त्यातही नुसता हळूच चेंडू ढकलण्याचा. बार्ट तोंड कसंनुसं करून ‘छान आहे’ म्हणतो. मुलांना चुकीचा गेम मिळण्यावर एवढा अचूक विनोद करणाऱ्या मालिकेचे स्वतःचे कित्येक गेम त्या गोल्फसारखेच निघाले. ‘साउथ पार्क’चंही पहिल्यांदा तसंच झालं. २०१४ साली मात्र मालिकेच्या दोन्ही कर्त्यांनी स्वतः लिहायला घेतलं, पोरं अंगणात राजा-राक्षस खेळतात अशी कल्पना केली, आणि एकदाचा गेममध्ये मालिकेचा आवाज ऐकू आला.

हे परदेशचं झालं. पण कार्टूनचा गेम चांगला असू शकतो हे डोंबिवलीला नव्वदच्या दशकातच ठाऊक होतं. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘डकटेल्स’ हिंदीतून लागायचं, आणि ज्याच्या मामाने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला आहे अशा मुलाच्या घरी दुपारी चपलांचा ढीग पडायचा. गेमच्या डबीला आम्ही कॅसेट म्हणायचो. तिच्यावर ‘९९९९९९ इन वन’ लिहिलेलं असायचं आणि आत मारिओ, काँट्रा अशी मोजकी मंडळी नावं बदलून पुन्हा पुन्हा भेटायची. मतदारयादीतल्या दुबार नावांचा माझा पहिला परिचय तो. कॅसेट चालेना की काढून तिच्यात फुंकर मारायची. गेम अर्ध्यावर असताना वीज गेली की सगळं पहिल्यापासून, आणि वीज तर जायचीच. त्या ढिगात कधीतरी कॅपकॉमने १९८९ मध्ये काढलेला ‘डकटेल्स’ सापडायचा.

त्यात स्क्रूज अंकल हातातल्या काठीवर टणाटण उड्या मारतो. म्हातारा, चिक्कू, काठी न सोडणारा. त्या काठीनेच शत्रू चिरडतो, त्या काठीनेच काटे ओलांडतो, त्या काठीनेच पेट्या फोडतो. आणि गुण मोजायचे ते डॉलरमध्ये. हिरे दिसले की गोळा करायचे. इथे गोळा करणं शोभतं, कारण स्क्रूजचा जन्मच गोळा करण्यासाठी आहे. तो पैशाच्या हौदात पोहतो. गेम करणाऱ्या जपानी माणसांनी पात्राकडे दोन मिनिटं बघितलं होतं, इतकाच फरक. त्या न्यायाने स्क्रूजने जमवावं आणि मोटूने खावं, हे सांगायला वीस वर्षांचा अनुभव लागू नये.

अलीकडचं उदाहरण शिनचॅनचं. हा जपानी वात्रट पोरगा आपल्याकडे २००६ मध्ये आला, २००८ मध्ये त्याच्या वागण्यामुळे सरकारने त्याला काही काळ घरी बसवला, आणि परत आल्यावर तो होता तसाच होता, हे त्याच्या चारित्र्याला शोभूनच झालं. २०२१ साली जपानमध्ये त्याचा एक गेम निघाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगा आजोळच्या बाजूच्या गावी जातो. किडे पकडतो, मासे पकडतो, कोणाचं बारीकसारीक काम करतो, जेवायला हाक आली की घरी येतो. कोणी मागे लागत नाही. शिनचॅन हा मुळात उंडारणारा मुलगा, म्हणून गेम उंडारण्याचा. तो माझ्या भाचीच्या सासरी पाहिला. घरातली सगळी वडीलधारी मंडळी सोफ्यावर बसून एका पोराला नदीकाठी मासे पकडताना बघत होती आणि ‘अरे, तिकडे बघ, तिकडे आहे मोठा’ असं टीव्हीला सांगत होती.

फुरफुरीनगरचा असा गेम कोणी करायला घेतला तर फार खटाटोप नको. चहावाल्याची टपरी. मोटू उभा. प्रत्येक समोशागणिक ताकद वाढते आणि उधारी वाढते. उधारी एका रेषेवर गेली की चहावाला झारा घेऊन मागे लागतो, मग काय धावायचं ते धावा. दुसरा माणूस दुसऱ्या फोनवर पतलू, आणि त्याचं काम मोटूला थांबवण्याचं. अधूनमधून घसीटाराम येऊन मार्ग सुचवतो. तो नेहमी चुकीचा असतो, पण ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तो वाट अडवून उभा असतो. आणि गुण पडण्याला. साधं पडलात तर पाच, चिखलात पडलात तर दहा, चिंगमच्या अंगावर पडलात आणि वरून नारळही आला तर शंभर. आमच्या सोसायटीत हा गेम सभेच्या दिवशी मोठ्या पडद्यावर लावला, तर कोरम एकदाचा भरेल.

राहता राहिला पुतण्या. परीक्षणात प्रेक्षकांचा प्रतिसाद नोंदवण्याची पद्धत आहे, म्हणून त्याच्या शेजारी बसून पाहिलं. तो समोसे गोळा करत नाही. पतलूला सोडवण्याची त्याला घाई नाही. तो मोटूला थोडा पळवतो आणि मग नेम धरून पोलिसांच्या गाडीवर आपटवतो. ‘आऊ’ झालं की खदखदून हसतो. मग परत पळवतो आणि आता खांबावर. गेमच्या हिशोबाने आमच्या घरात आजवरचा सर्वांत नालायक खेळाडू राहतो. फोन त्याला तसं मोठ्या अक्षरांत सांगतोही. दर आपटण्यानंतर जाहिरात लागते, बहुधा गृहकर्जाचीच. ती त्याला आता पाठ आहे. रात्री जेवणं झाल्यावर तो खुर्चीवर उभा राहतो आणि घाबरलेला नवरा, समजूतदार बायको आणि बँकेतला हसतमुख माणूस असे तिन्ही आवाज एकटा काढून दाखवतो. शेवटच्या अटी-शर्ती तर एका दमात म्हणतो. आजोबा टाळ्या वाजवतात आणि म्हणतात, ‘व्याजाचा दर परत सांग रे.’